गडी तोच, मैदान वेगळं

बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेच्या पटावर पाचशे पोरं असोत नाहीतर दीडशे, खेळाडू असतात नऊ. सोमवारी तालुक्याला कबड्डी असते. हे नऊ जातात. सात खेळतात, दोघं बाहेर बसून घसा कोरडा करतात. बुधवारी खो-खो. पुन्हा तेच नऊ. खो-खोला मैदानात नऊ गडी लागत असल्यामुळे कबड्डीत बाहेर बसलेल्या दोघांचाही उद्धार होतो. शुक्रवारी व्हॉलीबॉलला सहाच लागतात आणि शाळेच्या इतिहासात पहिल्यांदा सरांना तीन राखीव खेळाडू मिळतात. पुढच्या आठवड्यात मैदानी स्पर्धा. तिथं लांब उडी मारणारा गोळा फेकतो, गोळा फेकणारा चारशे मीटर पळतो आणि पळून दमलेल्याला सर थाळीफेकीला उभं करतात. "पाय दमले असतील, हात तर ताजे हायेत ना?" असं सरांचं शरीरशास्त्र असतं.

खेळाच्या सरांच्या काखेत एक प्लास्टिकची फाइल असते. तिच्यात प्रवेशिका, ओळखपत्रं आणि जन्मदाखले. खिशात शाळेचा गोल शिक्का, शाईच्या डबीसकट. ओळखपत्रावरच्या फोटोला अर्धा शिक्का लागला नसेल तर पोरगा कितीही चपळ असो, तो चढाईला जायच्या आधीच बाद. चौदा वर्षांखालच्या गटात दरवर्षी एक तरी गडी असा येतो, की पंच आधी त्याच्याकडं बघतात, मग फाइलकडं बघतात आणि मग सरांना बाजूला घेऊन हळूच विचारतात, "सर, हा विद्यार्थी का पालक?" सर जराही न डगमगता सांगतात, "दुष्काळी भाग हाय साहेब. पोरं लवकर निबर होतात."

या संघाचा खरा कस मात्र पंच घेत नाहीत, साखर कारखाना घेतो. तालुका पातळी पावसाळ्यात उरकते, जिल्हा पातळी दसऱ्याच्या आगेमागे. विभागीय स्पर्धेचं पत्र येतं तोवर दिवाळी तोंडावर आलेली असते आणि डावा कोपरा धरणारा पोरगा आईबापाबरोबर बिऱ्हाडाच्या ट्रकात बसून सांगली, कोल्हापूर नाहीतर पार कर्नाटकात ऊसतोडीला निघालेला असतो. मुकादमाची उचल घेतलेली असते. तिला क्रीडा अधिकाऱ्याच्या पत्रानं स्थगिती मिळत नाही. सर फोन लावतात. बाप विचारतो, "सर, मॅच कितीची हाय?"

"कितीची म्हणजे?"

"म्हंजी, जितल्यावर काय मिळतंय?"

"प्रमाणपत्र."

बाप सभ्य असतो. "बरं, बघतो," म्हणून फोन ठेवतो. डावा कोपरा मोकळाच राहतो आणि विभागाला आमचा संघ त्याच बाजूनं फुटतो.

दहावी-बारावीनंतर हे नऊ जण पांगतात आणि एकेका खेळात कायमचे मुरतात. एकदा मुरले, की त्यांची जातच वेगळी होते. प्रत्येक खेळाचा आहार वेगळा, वेश वेगळा, शिवी वेगळी, चहाचे पैसे कुणी द्यायचे याचा कायदा वेगळा, आणि हरल्यावर काय बोलायचं तेही ठरलेलं. पैलवान हरला तर म्हणतो, "पाय घसरला." क्रिकेटवाला म्हणतो, "पंच त्यांच्याच गावचा होता." कबड्डीवाला काही बोलत नाही, फक्त गुडघा दाखवतो. बॅडमिंटनवाला म्हणतो, "वेल प्लेड सर," आणि घरी जाऊन नवी रॅकेट मागवतो.

हे सगळे पंथ एकाच माणसात बघायचे असतील तर आमच्या दाजींना भेटावं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बीड शहरात त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. पंचेचाळिशी उलटली आहे, पण सकाळी बॅडमिंटन, संध्याकाळी गावाकडं शूटिंग व्हॉलीबॉल, रविवारी टेनिस बॉलचं क्रिकेट, चैत्रात जत्रेच्या फडात पंचांच्या रांगेत फेटा, आणि पँट घट्ट झाली की पहाटे बायपासला पळणं, असा त्यांचा बारमाही कार्यक्रम. यातला एकही खेळ त्यांना नीट येत नाही. पण त्या त्या खेळात वागायचं कसं ते इतकं चोख येतं, की बाकीचं कुणाच्या ध्यानातच येत नाही.

सकाळी सहाला दाजी चारचाकी काढून बॅडमिंटन हॉलवर जातात. हॉल घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे, पण बॅडमिंटनला चालत जायची पद्धत नाही. आत कुणाला नाव नसतं, हुद्दा असतो. डॉक्टरसाहेब, वकीलसाहेब, इंजिनिअरसाहेब. दाजींना तिथं 'शेठ' म्हणतात. शटल जाळीला लागून लटपटत पलीकडं पडलं, की मारणारा हात वर करून 'सॉरी' म्हणतो. मला याचं फार नवल वाटतं. गुण मिळाल्याबद्दल माफी मागायची सोय असलेला दुसरा खेळ मी जिल्ह्यात पाहिलेला नाही. उद्या कबड्डीत कुणी बोनस घेऊन 'सॉरी' म्हणाला, तर समोरचे सातही जण गोंधळून त्याला सोडून देतील.

हॉलमधलं खरं राजकारण शटलचं. पिसांचं आणायचं का प्लास्टिकचं, डबा कुणी फोडायचा, आणि तीन गेममध्ये पिसं झडलेलं शटल 'चालतंय अजून' असं म्हणणारा माणूस कोण, यावरून पत ठरते. आपणच नेहमी डबा फोडतो अशी तिथल्या प्रत्येक डॉक्टरांची पक्की समजूत आहे. साहेब लोकांशी खेळायचं शास्त्र तर आणखीच सूक्ष्म. जिल्ह्यात नवा साहेब बदलून आला, की पहिले सहा महिने त्याच्या बॅकहँडसारखा बॅकहँड मराठवाड्यात नसतो. बदलीची ऑर्डर निघाली, की त्याच आठवड्यात तो बॅकहँड एकाएकी बिघडतो.

पिएर बोर्दिय नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं 1979 साली एक जाडजूड पुस्तक काढलं. माणसाच्या आवडीनिवडीवरून तो समाजात कोणत्या पायरीवर उभा आहे ते ओळखता येतं, असा त्याचा एकूण सूर. खेळांबद्दल त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की वरच्या पायरीवरच्या माणसाला समोरच्याच्या अंगाला अंग न लागणारे खेळ रुचतात, आणि खाली खाली येत जावं तशी अंगाची भिडाभिड वाढते. मध्ये जाळी असणं ही प्रतिष्ठा. बिचाऱ्यानं उगाच एवढी पानं लिहिली. सकाळी बीडचा बॅडमिंटन हॉल आणि संध्याकाळी एखादी तालीम बघितली असती तर दोन दिवसांत मोकळा झाला असता. फक्त जत्रेच्या आधी परत गेला पाहिजे होता. कारण जत्रेच्या दिवशी आमच्याकडं या पायऱ्या उलट्या होतात. डॉक्टरसाहेब धुळीत मांडी घालून बसतात आणि अंगाला माती फासलेल्या पैलवानाशी ओळख आहे हे शेजाऱ्याला कळावं म्हणून उगाच मोठ्यानं हाक मारतात.

फडात दाजींना कुणी 'शेठ' म्हणत नाही. "या पैलवान," म्हणतात. दाजी आयुष्यात एकदाच आखाड्यात उतरले, सातवीत असताना, रेवड्यांच्या कुस्तीत. तीही बरोबरीत सुटली, कारण दोघंही रडायला लागले. पण फेटा बांधून पंचांच्या रांगेत उभं राहायला तेवढं पुरतं. आमच्या जत्रेत पैलवानांपेक्षा पंच जास्त असतात. एका कुस्तीला आठ-दहा पंच वाकून वाकून बघत असतात, त्यामुळं प्रेक्षकाला कुस्ती दिसते ती फेट्यांच्या फटीतून. फेटा बांधलेला माणूस कुस्ती बघत नाही, आपल्याकडं कोण कोण बघतंय ते बघतो, हे मी अगदी जवळून पाहिलेलं आहे.

फडातला सगळ्यात सुरेख भाग मात्र कुस्तीच्या आधीचा. हलगी कडाडत असते. पंच एका पोराचं मनगट धरून त्याला मैदानभर फिरवतो आणि याच्या जोडीला कोण, असा पुकारा करतो. मग दुसऱ्या बाजूनं एक जण उठतो, कपडे काढता काढता वस्तादाकडं बघतो. दोघांना पाठीला पाठ लावून उभं करतात. दोन्हीकडचे वस्ताद खांदे दाबून बघतात, मांड्या चाचपतात आणि कुरकुर सुरू होते. "वजन बघा की, चार-पाच किलोचा फरक हाय." "आवो, तुमचं पोरगं पुण्याला तालमीत हाय, आमचं घरचं दूध पितंय." ही जोड जमवणं सोयरीक जमवण्याइतकं नाजूक असतं, बोलणी फिसकटली तर दोन गावं वर्षभर अबोला धरतात. जोड जमली, की इनामाची घोषणा. मग एक म्हातारबाबा उठून धोतराच्या सोग्यातून शंभराची नोट काढतात आणि माइकवाल्याला बजावतात, "नाव नीट घे. मागल्या साली आडनाव चुकिवलं व्हतं."

पैलवानकी वारसानं येते. पाटोद्याच्या आवारे घरात वडील बाळासाहेब पैलवान, थोरला राहुल पैलवान, धाकटा गोकुळ पैलवान. राहुल पाटोद्यातून पुण्याला हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाताखाली गेला, पुढं काका पवारांकडं आला, आणि 2018 साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात सोनं घेऊन आला. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत 61 किलोचं कांस्य. मग राज्य सरकारनं त्याला पोलीस उपअधीक्षक केलं. आमच्याकडचा जाणकार माणूस त्या सोन्याबद्दल एक वाक्य बोलतो आणि 'डायरेक्ट डीवायएसपी' याबद्दल पाऊण तास. जिल्ह्याच्या क्रीडा संस्कृतीची किल्ली या पाऊण तासात आहे, पण तिच्याकडं नंतर येऊ.

पैलवानाला क्रिकेट कळत नाही. कळावं अशी त्याची इच्छाही नसते. एका वस्तादांना मी एकदा कसोटी क्रिकेट समजावून सांगत होतो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाच दिवस उन्हात उभं राहायचं, आन् एकालाबी आपटायचं न्हाई? मंग जायचं कामून?"

रविवारी दाजी शेठही नसतात आणि पैलवानही नसतात. ते 'प्रायोजक' असतात. संघाच्या टी-शर्टच्या पाठीवर त्यांच्या दुकानाचं नाव आणि एका तणनाशकाची बाटली छापलेली आहे. या नात्यानं ते अकराव्या नंबरला बॅटिंग करतात, चेंडू सहसा जात नाही अशा जागी उभे राहतात आणि पंचाशी भांडायचा पहिला मान त्यांचा असतो. टेनिस बॉलच्या या स्पर्धा रब्बीच्या दिवसांत, रिकाम्या राहिलेल्या एखाद्या रानात भरतात. नियम रानाप्रमाणं बदलतात. चेंडू हरभऱ्यात गेला तर दोन धावा, गव्हात गेला तर चार, विहिरीत पडला तर फलंदाज बाद आणि चेंडूचे पैसेही त्यानंच भरायचे. कितीही मोठा फटकेबाज असो, विहिरीच्या बाजूला तो अत्यंत संयमानं खेळतो. पहिलं बक्षीस एखाद्या नेत्याकडून, दुसरं त्याच्या विरोधकाकडून. अंतिम सामन्याला दोघं येणार असले तर व्यासपीठं दोन. मालिकावीराला बोकड. तो बोकड दिवसभर सीमारेषेवर बांधलेला असतो आणि सगळ्या मैदानात खेळाकडं गंभीरपणे बघणारा बहुधा तो एकटाच.

समालोचक हा या स्पर्धेचा आत्मा. त्याला मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही एकाच वाक्यात वापरायच्या असतात. "गोलंदाज धावत आलेला आहे, क्या बात है, व्हॉट अ शॉट, चेंडू हवेत, हवेत, आणि बाभळीत!" लगेच पुढचा श्वास न घेता, "या षटकाराला पाचशे एक रुपये, आणि दोन नंबरच्या गेटसमोर लावलेली लाल मोटारसायकल कुणाची आहे, काढून घ्यावी."

माझं एक निरीक्षण आहे. हिवाळ्यात क्रिकेट आणि उन्हाळ्यात कुस्ती, या आमच्याकडच्या वाटणीत हवामानाचा हात कमी आणि उसाचा जास्त. कोयता घेऊन गेलेली लाखो माणसं मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडल्यावर परत येतात. त्यामुळं हिवाळ्यातलं क्रिकेट हे मागं राहिलेल्यांचं: दुकानदारांची पोरं, मास्तरांची पोरं, बागायतवाल्यांची पोरं. हातात चार पैसे घेऊन तोडीवाले घरी आले, की जत्रा भरतात, हलगी वाजते, फडाला गर्दी होते. गावात आडनावांवरून जेवढं कळत नाही तेवढं जानेवारीतल्या संघाच्या यादीवरून कळतं.

या धुरळ्यातून एक पोरगा थेट विश्वचषकाला गेला. सचिन धस. 2024 च्या फेब्रुवारीत, दक्षिण आफ्रिकेतल्या बेनोनीला, 19 वर्षांखालच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना. यजमानांनी दिलेलं लक्ष्य 245 आणि आपले 32 वर 4 बाद. सचिननं कर्णधार उदय सहारनला साथीला घेऊन 171 धावांची भागीदारी केली आणि 96 वर बाद झाला; सामना आपण दोन गडी राखून जिंकला. घरात वडिलांना क्रिकेटचं वेड, आई पोलीस खात्यात आणि एके काळच्या कबड्डीपटू. तेंडुलकरवरून पोराचं नाव ठेवून वडिलांनी नाणेफेक बारशालाच जिंकली होती. आमच्या चौकात त्या रात्री एवढी हळहळ चालली होती, की नवख्या माणसाला आपण हरलो असंच वाटावं. "चार रन गड्या, चारच रन!" मॅच जिंकल्याचं कुणाला काही नव्हतं.

शूटिंग व्हॉलीबॉलबद्दल फार लिहीत नाही. संध्याकाळी मारुतीच्या पाराजवळ दोन बांबू, एक जाळं आणि पोट सुटलेली बारा माणसं. इथं दाजींना 'नाना' म्हणतात. दुकानाची निम्मी उधारी गावात अडकली असल्यामुळं ते समोरच्या बाजूला कोण आहे हे बघून चेंडू मारतात. ज्याच्याकडं दोन हंगामांची बाकी आहे त्याच्या छातीवर, आणि ज्यानं परवाच पैसे भरले त्याच्या हातावर अलगद. समोरच्यांनाही हे माहीत आहे. एकदा एकानं चुकवलेला चेंडू उचलता उचलता ओरडून सांगितलं, "नाना, सोयाबीन इकलं की देतो, जरा दमानं मारा!"

खो-खोचा विषय निघाला की जिल्ह्याला आता मान ताठ करता येते. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारतानं नेपाळला 78-40 असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे मूळची केज तालुक्यातल्या कळंबअंब्याची, वाढली पिंपरी-चिंचवडला. बातमी आली आणि केज तालुक्यातल्या प्रत्येक गावानं तिच्याशी नातं काढलं. 'मूळची' आणि 'वाढली' या दोन शब्दांच्या मधलं अंतर मात्र कुणी मोजलं नाही. आमच्याकडच्या मुलींच्या खो-खो संघातून दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर दोन-तीन जणी कमी झालेल्या असतात. सर हजेरी घेतात, "ती कुठंय?" बाकीच्या मुली एकमेकींकडं बघून हसतात. एवढ्यावरून सरांना कळतं, की मांडवाचे दिवस होऊन गेले. नववीतल्या मुलीला खो मिळतो आणि ती उठून दुसऱ्याच कुणाच्या घरात जाऊन बसते. बालविवाहांच्या आकड्यांत जिल्ह्याचं नाव कायम वरच्या रांगेत का असतं, ते खो-खोच्या सरांना कोणत्याही अहवालाच्या आधी ठाऊक असतं. यावर मला विनोद सुचत नाही.

आता पळणं. बीड शहरात रेल्वे यायला 17 सप्टेंबर 2025 उजाडावा लागला. तोवर शहराचा वेगाशी जो काही संबंध होता तो पायांनीच. पहाटे साडेचारला धुळे-सोलापूर महामार्गाच्या बायपासला जाऊन उभं राहिलं, की अंधारात फक्त पावलांचे आवाज येतात. ही भरतीची पोरं. पोरीही. गावागावांतून येऊन शहरात खोली करून राहिलेली, अकॅडमीत नाव घातलेली. शिट्टी घेतलेला एक माजी सैनिक मोटारसायकलवरून त्यांच्या मागं, आणि मोटारसायकलच्या उजेडात त्यांच्या टी-शर्टवरचं 'वर्दी' हा शब्द खालीवर होताना दिसतो.

त्याच रस्त्यावर साडेपाचला दुसरी जमात येते. डॉक्टर, प्राध्यापक, बिल्डर. मनगटावर घड्याळ, कमरेला पाण्याच्या इवल्या बाटल्या, दंडाला मोबाइल, आणि दाजी. पहिल्या जमातीला पगार लागायचा आहे म्हणून ती पळते. दुसरीचा लागलेला पगार पोटावर साठलाय म्हणून ती पळते. पोरगं पळून झालं की रुमालात बांधलेले भिजवलेले हरभरे खातं. डॉक्टर पळून झाले की फोटो टाकतात. दोघं समोरासमोर आले, की डॉक्टर 'गुड मॉर्निंग' म्हणतात आणि पोरगं 'जय हिंद सर' म्हणतं. उद्या मेडिकलच्या टेबलावर कोण बसलेलं असेल, सांगता येत नाही.

बीड जिल्ह्याचा खरा राष्ट्रीय खेळ कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी 'भरती' म्हणेन. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीचे 50 गुण: मुलांना 1600 मीटर धावणे 20, शंभर मीटर 15, आणि 7 किलो 260 ग्रॅमचा गोळा 15. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर आणि गोळा 4 किलोचा. आमच्या पोरांना ऑलिंपिकमध्ये किती खेळ असतात ते ठाऊक नसतं, पण गोळा किती मीटरवर पडला की किती मार्क, हे झोपेत विचारलं तरी सांगतील. जिल्ह्यात कुणी कोणताही खेळ खेळत असो, घरी आलेला पाहुणा त्याला एकच प्रश्न विचारतो: "मंग, भरतीचं काय?" राज्यस्तरीय कबड्डीपटूला हाच प्रश्न, धनुर्विद्येवाल्याला हाच प्रश्न. बुद्धिबळवाल्यालाही विचारतात, फक्त जरा काळजीच्या सुरात.

आणि पाहुण्याचं चुकतं असंही म्हणता येत नाही. बीडचं नाव पेपरच्या पहिल्या पानावर कशाकशासाठी येतं ते सोडा. खेळाच्या पानावर सगळ्यात मोठ्या अक्षरात आलं ते भरतीतून पुढं गेलेल्या एका पोरामुळं. अविनाश साबळे, मांडवा, तालुका आष्टी. शाळा सहा किलोमीटरवर, वाहनाची सोय नाही, म्हणून पळायची सवय. बारावीनंतर सैन्यात, 5 महार रेजिमेंट. सियाचीनचं बर्फ झालं, राजस्थानची वाळू झाली, मग क्रॉस कंट्री, आणि 2017 मध्ये प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसला लावलं. हा 3000 मीटरचा खेळ मोठा मजेदार आहे. वाटेत 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्याचा खड्डा. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते, तिथल्या पोरानं मुद्दाम भरून ठेवलेल्या पाण्यावरून उड्या मारून देशाला पदकं आणली. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, जिथं 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदकं केनियावाले आपापसांत वाटून घेत होते, तिथं 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य. सोनं सेकंदाच्या पाच शतांशानं गेलं. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सोनं, शिवाय 5000 मीटरचं रौप्य. क्रॉस कंट्री, स्टीपलचेस, 5000 मीटर, अर्धमॅरेथॉन: आमच्या शाळेच्या खेळाच्या सरांना हा खेळाडू बघितल्याबरोबर आपला वाटला असणार.

तेव्हापासून तालुक्यातला कोणताही बाप पोराला मोटारसायकल घेऊन देताना दोनदा विचार करतो. "कॉलेजला गाडी कशाला? साबळेचं पोरगं पळत जात व्हतं." पोरं या युक्तिवादानं जेरीस आली आहेत.

खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. त्यामुळं गेल्या महिन्यात दाजींच्या घरी बैठक बसली. भाचा नववीत आहे आणि त्याला 'एखादा खेळ' लावायचा होता. भाच्याला काय आवडतं हा प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हता. बॅडमिंटनच्या डॉक्टरसाहेबांनी फोनवर सांगितलं, की मुलाला हैदराबादला पाठवा. पैलवान मंडळींनी रोजचं दीड लिटर दूध आणि पावशेर बदाम सांगितले. ताईनं तिथंच बदामाचा भाव विचारला आणि कुस्ती बाद झाली. क्रिकेटला गर्दी फार. कबड्डीवाल्यांनी काही सुचवायच्या आधी दाजींनी स्वतःचा गुडघा चाचपला. माजी सैनिकानं पळण्याचा आग्रह धरला, पण भाचा सकाळी साडेआठला उठतो.

शेवटी दाजींना कुणीतरी एक असा खेळ सांगितला, की जो राज्याच्या यादीत आहे पण जिल्ह्यात खेळणारं फारसं कुणी नाही. त्याचं नाव मी इथं देत नाही; दिलं तर निवड चाचणीला झुंबड उडेल आणि दाजी माझ्याशी बोलायचे बंद होतील. परवा ते मोठ्या खुशीत घरी आले. मी विचारलं, "पोराला आवडला का खेळ?"

"बघितला न्हाई अजून त्यानं. रविवारी चाचणी हाय."

"आणि तुम्ही?"

"म्या मोबाइलवर बघितला. बॉल असतो त्याच्यात." चहाचा घोट घेऊन ते जरा पुढं सरकले. "एकच अडचण हाय. संघाला बारा लागतात, अकराच पोरं जमलीत. तुमच्या धाकट्याचं वय काय?"

मी तोंड उघडायच्या आत आमच्या हिनं आतून जन्मदाखल्याच्या दोन झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो आणून दाजींच्या हातात दिले होते.